कोल्हापुरीचा इटली दौरा: तिकीट सरकारचं, तयारी कुणाची?

जगभरच्या कस्टम खात्यांत मालाच्या वर्गवारीसाठी एकच सामाईक यादी चालते. तिच्यात ६४०३ २० या क्रमांकापुढे जे वर्णन आहे त्याचं सरळ मराठी असं: तळ चामड्याचा, पायाच्या पाठीवरून आणि अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे. नाव कुठंच नाही, पण कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कुणाही कारागिराला हे वाचून दाखवा, ही आपलीच चप्पल म्हणून तो ओळखेल. म्हणजे परदेशी बाजारात कोल्हापुरीचा खण आधीपासून आहे. त्या खणापर्यंत चप्पल बांधणाऱ्याला नेऊन पोचवणाऱ्या ज्या सोयी आज आहेत, त्यांचा हा हिशेब.

मुख्य सोय केंद्र सरकारची. राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब ऑक्टोबर २०१६ मध्ये लुधियानात सुरू झाला. तो चालवतं राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ, म्हणजे एनएसआयसी. त्यातल्या विशेष विपणन साहाय्य योजनेत परदेशी प्रदर्शनात स्टॉल मांडायला किंवा प्रदर्शन नुसतं पाहायला जाण्यासाठी मदत मिळते. विमान इकॉनॉमीचं, आणि खर्च त्या-त्या कार्यक्रमाच्या परिपत्रकात दिलेल्या मर्यादेपर्यंत. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आणि जात प्रमाणपत्र ही पायाभूत कागदं. भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींकडे असावा लागतो. दुसरी सोय अगदी नवी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इटलीची फॅशन कंपनी प्राडा, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकार यांच्यात करार झाला. त्यात कारागिरांना भारतात प्रशिक्षण आणि काहींना प्राडाच्या इटलीतल्या अकादमीत थोडा काळ राहण्याची संधी, असं कलम आहे. तिच्याकडे शेवटी वळू.

निकाल आधीच सांगतो. शाळा म्हणून योजनेतला हा प्रदर्शन-दौरा पाचपैकी चार गुणांचा आहे. विक्री म्हणून दोन, आणि तेही तयारी करून गेलात तर. योजना सात-आठ दिवसांचे पैसे देते. कमाई ठरते ती जाण्याआधीच्या चार महिन्यांत आणि आल्यानंतरच्या तीन महिन्यांत, आणि तिथं कुणी हात धरत नाही.

सर्वांत मोठी चूक विमानात बसण्याच्या कितीतरी आधी होते: प्रदर्शन चुकीचं निवडलं जातं. इटलीत पादत्राणांची दोन प्रदर्शनं आपल्या कामाची. गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला रीवा देल गार्डा इथं भरणारं एक्स्पो रीवा शू, आणि मिलानजवळ रो इथं भरणारं मिकाम. पहिलं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जूनमध्ये. दुसरंही दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये. दिसायला चारही तारखा सारख्याच, पण जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या हिवाळ्याचा माल बघितला जातो, बूट आणि बंद जोडे. उघड्या चपलेची खरेदी जून आणि सप्टेंबरमध्ये होते. जानेवारीत कोल्हापुरी घेऊन उभं राहणं म्हणजे मे महिन्यात घोंगडी विकायला बसणं. तरीही दौरे मार्चआधी निधी खर्च व्हावा या घाईनं आखले गेले की नेमके जानेवारी-फेब्रुवारीतच पडतात. तुमच्यापुढे असा प्रस्ताव आला तर स्टॉल घेऊ नका, पाहणीसाठी जा.

या दोघांतही फरक आहे. रीवामध्ये मोठ्या संख्येनं खरेदी करणारे येतात: साखळी दुकानं, आयातदार. तिथं पहिला प्रश्न किमतीचा आणि दुसरा महिन्याला किती जोड देऊ शकता याचा. मिकाममध्ये ब्रँड आणि छोटी दुकानं जास्त. तिथं कथेला, नक्षीला, वेणीला किंमत आहे. पाच-सहा घरं मिळून काम करणाऱ्या गटानं रीवाला जाऊन हजारोंच्या ऑर्डरला मान डोलावली की पुढचे सहा महिने रडारड ठरलेली. साधं गणित मांडा: पाच घरं, घरामागे दिवसाला चार जोड, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला ५००. हा आकडा छापून खिशात ठेवा आणि त्याच्यापुढे जाऊ नका. लग्नसराई आणि जत्रेच्या दिवसांत तोही पाळला जात नाही हे वेगळंच.

राहण्याचं थोडक्यात. रीवाला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन रोव्हेरेतो. प्रदर्शनाच्या दिवसांत गावातली हॉटेलं भरलेली आणि महाग असतात, म्हणून आर्को किंवा रोव्हेरेतोत खोली बघावी. मिलानला मेट्रोची लाल लाइन थेट रो-फिएराला जाते, पण हे स्टेशन शहराच्या साध्या तिकिटाच्या हद्दीबाहेर आहे. साधं तिकीट काढलं तर बाहेर पडताना फाटक उघडत नाही आणि दंड होतो.

आता कागद. इथंच निम्मे गळतात. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळे रकाने असतात. जात प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मध्ये असतं. उद्यमवर दुकानाचं नाव. बँकेत आणखी काहीतरी. या चार कागदांत एका अक्षराचा फरक असला तरी फाइल परत येते. ‘शिंदे’ आणि ‘सिंदे’ हा फरक कारकुनाला चालत नाही. अर्ज करण्याआधी हे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव बोट ठेवून वाचावं, आणि गरज असेल तिथं आधी राजपत्रातली दुरुस्ती उरकावी.

शेंगेन, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला एरवी पंधरा दिवस, पण कागद मागवले तर पंचेचाळीसपर्यंत ताणतात. म्हणून जूनच्या प्रदर्शनासाठी एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज गेला पाहिजे. यादी मे महिन्यात मंजूर झाली तर ती कागदावरच राहते. कारागिराची खरी अडचण आयकर विवरणपत्राची. रोखीत व्यवहार, बँकेत हालचाल नाही, आणि व्हिसा अधिकाऱ्याला तर हा माणूस परत येईल याची खात्री हवी. दोन वर्षांचं विवरणपत्र, भले शून्य कराचं असो, भरलेलं असणं आणि सहा महिने पैसे खात्यातून फिरलेले असणं हाच त्यावर इलाज. आणखी एक भीती उगाच घातली जाते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे परदेशी जाण्याआधी तपासणी हवी असा, शिक्का असतो आणि एजंट म्हणतात, परदेशी जाता येणार नाही. ती अट नोकरीसाठी आखाती वगैरे ठरावीक अठरा देशांत जाणाऱ्यांना आहे. प्रदर्शनासाठी इटलीला जाणाऱ्याला तिचा अडसर नाही.

नमुने कसे न्यायचे, हे कुठल्याच मार्गदर्शक बैठकीत नीट सांगत नाहीत. रस्ते दोन. एक, एटीए कार्नेट. हे मालाच्या पासपोर्टसारखं पुस्तक आहे. भारतात ते फिक्की देते, ते एक वर्ष चालतं, आणि त्यावर नेलेला माल जकात न भरता नेता येतो, पण परत आणावाच लागतो. त्यासाठी हमी रक्कम द्यावी लागते. प्रत्येक जोडाचा क्रमांक, वजन, किंमत यादीत असते. मुंबईहून निघताना कस्टमचा शिक्का, युरोपात उतरल्यावर शिक्का, परतताना पुन्हा दोन्हीकडे. चूक नेहमी एकाच जागी होते: माणूस सामान घेऊन, कस्टमला दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या हिरव्या मार्गिकेतून सरळ बाहेर पडतो आणि पुस्तकाचं पान कोरं राहतं. मग महिन्यांनी जकातीची मागणी येते. शेवटच्या दिवशी कुणी गळ घातली म्हणून कार्नेटवरचा जोड विकला तरी तेच. दुसरा रस्ता स्वस्त: फक्त एका पायाच्या चपला न्या, किंवा तळाला आरपार भोक पाडून न्या. विकता न येणारा नमुना म्हणून कस्टमला तो पटतो, आणि खरेदीदार तरी बघतो एकच पाय. बायकांच्या चपलेचा नमुना ३७ नंबरचा आणि पुरुषांचा ४२ चा ठेवावा. प्रदर्शनात नजर या मापांना सरावलेली असते.

मापाचाच मुद्दा घ्या, कारण पाहणी-दौऱ्यातून डोळ्यांनी शिकण्यासारखी ही पहिली गोष्ट. आपल्याकडचे नंबर इंग्रजी चालीचे. एका नंबरामागे लांबी ८.४७ मिलिमीटरनं वाढते. युरोपचा नंबर ६.६७ मिलिमीटरनं वाढतो. म्हणजे आपल्या ६ ते १० या पाच नंबरांच्या लांबीत तिकडचे जवळजवळ सहा नंबर बसतात. नुसता शिक्का बदलून ७ चं ४१ केलं की एखादा नंबर मोठा निघतो, एखादा गायबच होतो, आणि दुकानदार अख्खी पेटी परत पाठवतो. कापाचे फर्मे नव्यानं करावे लागतात. पत्र्याचे फर्मे करून घेण्याचा खर्च एकदाच येतो, पण तो दौऱ्याआधी करायचा असतो.

स्टॉलवर इटालियन खरेदीदार चप्पल हातात घेतो तेव्हा काय करतो ते बघण्यासारखं असतं. तो वरची नक्षी बघतच नाही. चप्पल उलटी करतो, टाच आणि तळ जिथं जुळलेत तिथं नख घालतो. मग पांढऱ्या रुमालानं पट्टा घासतो. रुमालाला तांबडा रंग लागला की बोलणं संपलं. मग दोन्ही पाय टेबलावर टाचेला टाच लावून उभे करतो आणि अंगठ्याच्या पट्ट्याची उंची डोळ्यानं मोजतो. हातानं कापलेल्या जोडात दोन मिलिमीटरचा फरक आपल्याला दिसतही नाही, त्याला दिसतो. शेवटी वास घेतो. बाभळीच्या सालीचा वास त्याला आवडतो, कच्च्या तेलाचा नाही. आपण ज्याचं कौतुक करतो ती करकर त्याच्या लेखी दोष आहे, असं गृहीत धरू नका. मिकाममध्ये तीच गोष्ट सांगून विकता येते. पण चप्पल पहिल्या दिवशी चावते हे मात्र तिथं कुणी ऐकून घेत नाही. इथं आपण चार दिवस तेल लावतो आणि पाय सरावतो. तिथलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पैसे परत मागतं. पट्ट्याच्या कडा आतून तासून गोल करणं आणि अंगठ्याच्या आत मऊ बकऱ्याचं अस्तर देणं, एवढ्या दोन कामांनी हा प्रश्न बराचसा सुटतो. वेळ जोडामागे वाढतो, तो किमतीत धरावा.

रसायनांचे प्रश्न विचारले की मात्र बहुतेकांची दांडी उडते, आणि यात दोष निवडीचा आहे. दौऱ्याला जातो तो दुकानाचा मालक. कधी चप्पल बांधणारा जातो. कातडी कमावणारा कधीच जात नाही, आणि प्रश्न तर त्याच्या कामाचे असतात. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम किलोला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मे २०१५ पासूनचा हा नियम आहे. काही अझो रंगांतून सुटणाऱ्या घातक अमाइन्सना किलोला ३० मिलिग्रॅमची मर्यादा. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेली, कातड्याची पिशवी शिवून त्यात कसाचं पाणी भरून टांगलेली. तिच्या तळात क्रोम येण्याचं कारण नाही. घोळ होतो वेणीत आणि गोंड्यात. त्यासाठी बाजारातून आणलेलं रंगीत बकऱ्याचं चामडं बऱ्याचदा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. तळ शुद्ध, वेणीनं घात केला, असं चाचणीत निघतं. चाचणी प्रत्येक रंगाची वेगळी करावी लागते, म्हणून दौऱ्याला बारा रंग न्यायचे नाहीत. तीन पुरेत: नैसर्गिक, गडद तपकिरी, काळा. चाचणी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते. त्याच हबमध्ये चाचणी शुल्काची आणि निर्यात परिषदेच्या सदस्यत्वाची अंशतः परतफेड करणाऱ्या योजना होत्या, पण त्या वेगळ्या फायलीत. दौऱ्याच्या अर्जासोबतच त्यांची चौकशी करा.

बुरशीचंही सांगायला हवं. पावसाळ्यात बांधलेली चप्पल खोक्यात भरली की समुद्रावर पांढरी पडते. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकावी, पण ती कुठून घेतली याला महत्त्व आहे. बुरशी मारणारी म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत डायमिथाइल फ्युमरेट असतं. युरोपात २००९ पासून त्यावर बंदी आहे आणि मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक. पुडीवर फक्त सिलिका जेल लिहिलेलं हवं. एक योग मात्र आपल्या बाजूचा आहे: जून-सप्टेंबरच्या प्रदर्शनातली ऑर्डर जानेवारी-फेब्रुवारीत पोचवायची असते, म्हणजे बांधणी ऑक्टोबर ते डिसेंबर या कोरड्या हवेत होते.

किंमत. ‘बघू, जमवू’ हे उत्तर तिथं चालत नाही. तीस सेकंदांत न्हावाशेवा बंदरापर्यंतची, म्हणजे एफओबी किंमत युरोत सांगावी लागते. उदाहरणापुरते आकडे धरू, ५०० जोडांच्या ऑर्डरचे. घरात जोड पडतो ९०० रुपयांना. खोका, कागद, सिलिका ६०. चाचणीचे २०,००० वाटले तर जोडाला ४०. तपासणीत बाद होणारा माल पाच टक्के, ४५. बंदरापर्यंतची वाहतूक आणि क्लिअरिंग एजंटचे २५,००० धरले तर ५०. बँक आणि नमुन्यांचे २५. झाले १,१२०. वर वीस टक्के नफा, म्हणजे १,३४४. युरो शंभराचा धरला तर साडेतेरा युरोच्या आत बाहेर. आता घाऊक बाजाराच्या सवयीनं जो माणूस ‘हजार रुपये, दहा युरो’ म्हणून मोकळा होतो तो जोडामागे १२० रुपये पदरचे घालतो, ५०० जोडांत ६०,०००. हे त्याला कळतं ते माल गेल्यावर. आगाऊ तीस टक्के आणि उरलेले जहाजाच्या पावतीची प्रत दाखवल्यावर, यापेक्षा सैल अट नव्या गिऱ्हाइकाला देऊ नये.

परतल्यावरच्या कामांबद्दल योजना गप्प आहे. आयात-निर्यात क्रमांक जाण्याआधीच काढलेला हवा; शुल्क ५०० रुपये, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अद्ययावत केला नाही तर निष्क्रिय होतो आणि हे नेमकं माल बंदरात असताना लक्षात येतं. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलन घेणाऱ्या बँकेचा क्रमांक, बंदरावर नोंदवावा लागतो. कर न भरता निर्यात करण्यासाठीचं जीएसटीचं हमीपत्र दर आर्थिक वर्षाला नव्यानं. भौगोलिक मानांकन कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी, पण खोक्यावर तो शिक्का छापायचा तर प्रत्येक कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे आणि तरी कित्येकांनी केलेली नाही. हे मानांकन भारतातलं. युरोपात ते आपोआप लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्या. खर्चाच्या परतफेडीसाठी तिकिटं, बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं जपून ठेवा. मोबाइलमधल्या बोर्डिंग पासचा फोटो आधीच काढा, विमान उतरल्यावर तो ॲपमधून गायब होतो. आणि परतफेड येईपर्यंत पैसा आपला अडकलेला असतो, तो व्याजानं काढलेला नसावा.

एक मोकळा दिवस मिळतो तेव्हा सगळे मिलानचं चर्च बघायला जातात. त्याऐवजी व्हिजेवानो गाठा. मिलानपासून साधारण ३५ किलोमीटरवर, तिथल्या किल्ल्यात पादत्राणांचं संग्रहालय आहे. मिलानमध्येच आर्सुतोरिया ही १९४७ पासूनची नमुनाकापाची शाळा आहे. आगाऊ पत्र पाठवून भेट ठरवता आली तर दौऱ्यातला सर्वांत उपयोगी अर्धा दिवस तोच.

आता प्राडाचा करार. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल नावाशिवाय दिसली, इथं बोंब झाली, जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरात कागद झाला: महाराष्ट्र-कर्नाटकात २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो, जगभरातली ४० दुकानं. २,००० जोड म्हणजे आपल्या वरच्या हिशेबातल्या पाच घरांचं चार महिन्यांचं काम. उत्पन्न म्हणून ते फार नाही. खरा ऐवज प्रशिक्षणाचं कलम आहे. सरकारी दौऱ्यात माणूस हॉलमधून हिंडतो, इथं त्याला बाकावर बसून काम करायला मिळेल. म्हणूनच निवड कुणाची होते याला महत्त्व. दुकानदाराचा मुलगा गेला तर संधी वाया. जोडीनं पाठवावं: एक बांधणारा आणि एक कातडी कमावणारा. वेणी घालणाऱ्या बाया तर आजवर कुठल्याच यादीत नाहीत, त्यांना वगळून ही चप्पल पुरी होत नाही. तिथं राहण्याच्या काळात घरची रोजची कमाई बुडते, तिची भरपाई लेखी असावी. दुभाषा मराठी किंवा कन्नड जाणणारा हवा, हिंदीवर भागवू नये. चपलेच्या भागांची कारागिरांच्या तोंडची नावं हिंदीत नीट उतरत नाहीत. तिथं बसून काढलेल्या नव्या नमुन्यावर हक्क कुणाचा, हे निघण्याआधी महामंडळाकडून लिहून घ्यावं.

आणि जाणाऱ्यानं हत्यारं स्वतःची न्यावीत, परक्या रापीवर, म्हणजे चामडं कापायच्या पात्यावर, हात बसायला आठवडा जातो. रापी, आरी, हातोडी कार्नेटच्या यादीत व्यवसायाची साधनं म्हणून चढवता येतात. ती चेक-इन सामानात, पात्याला चामड्याची खोळ घालून ठेवायची. केबिन बॅगेत राहिली तर मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतात.